बावीस इंची नळी

पितळेवर दिव्याचा एक बारीक ठिपका होता, आणि काडतूस बोटांत फिरवलं की तो ठिपका सरकत खांद्यापाशी यायचा, तिथे जरासा अडायचा आणि मग मानेवर चढायचा — काडतुसाला खांदा असतो, मान असते, हे शब्द आपल्याला अजून येतात याचं विद्युल्लताला नवल वाटलं. आत दारू नव्हती. गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरतं रिकामं काडतूस. रिझवानने तशी तीन काचेच्या काउंटरवर उभी केली होती. सगळ्यात दांडगं, बुडाशी पट्टा असलेलं ते थ्री हंड्रेड मॅग्नम. त्याच्या शेजारी थ्री नॉट एट. आणि तिच्या हातातलं सिक्स पॉइंट फाइव्ह, बाकी दोघांपुढे निमुळतं, काहीसं संकोचल्यासारखं.

"घाई नाही ताई," रिझवान म्हणाला. "अरबाब खाली पार्किंगमध्येच आहेत, फोनवर."

रिझवान दापोलीकडचा. या दुकानात तो बरीच वर्षं होता, आणि आपल्याशी मराठी बोलणारी बाई बंदुकांच्या दुकानात आली याचा त्याला झालेला आनंद त्याने चहा मागवून व्यक्त केला होता. भिंतीवर रायफली ओळीने लावलेल्या. शनिवारची सकाळ असल्याने गिऱ्हाईक नव्हतं. आणि या सगळ्यावर एक वास — थंड एसीत साचून राहिलेला, तेलाचा, लोखंडाचा, त्याखाली किंचित गोडसर असा काहीतरी… नळी साफ करायच्या द्रवाचा. तो वास नाकात शिरला तेव्हा ती दारातच थांबली होती. दार धरून ठेवणाऱ्या माणसाला वाटलं, मॅडमचं काही विसरलं.

विसरलेलं काहीच नव्हतं, तीच तर पंचाईत.

खलफान, म्हणजे तिचा अरबाब, मालक, याचं बर दुबईत जहाजांच्या इंजिनांच्या सुट्या भागांचं ऑफिस होतं, आणि ते गेली कित्येक वर्षं तीच सांभाळत होती. विद्युल्लता हे नाव त्याला पहिल्याच दिवशी जमलं नाही, म्हणून ती विद्या झाली. दर हिवाळ्याच्या तोंडावर तो मुलाला, सुहैलला, घेऊन ताजिकिस्तानच्या डोंगरात रानबकऱ्यांच्या शिकारीला जायचा. एकदा त्याच्या बंदुकीच्या परवान्याचे कागद नीट लावताना ती सहज बोलून गेली होती की कॉलेजात मी पण रायफल चालवायची. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं होतं — नुसतं पाहिलं होतं. पुढे कधी विषय निघाला नाही. आणि आता, इतक्या वर्षांनी, त्याने आयुष्यातली पहिली आणि स्वतःच म्हणत होता त्याप्रमाणे शेवटची रायफल मापाने करून घ्यायला काढली, बोल्टचा भाग आला, दस्त्यासाठी अक्रोडाचं लाकूड पसंत झालं, आणि नळी कोणती, कॅलिबर कोणतं यावर बाप-लेकांचं अडलं, तेव्हा काल संध्याकाळी त्याचा फोन आला. सुहैल एक बोलता है, हम एक बोलता है. तुम आओ. जर्मनीतला कारागीर सुट्टीवर जायच्या आत उत्तर मागत होता.

आणि ती आली होती. सुट्टीचा दिवस असून, शारजाहून, अल नहदाची ती नेहमीची कोंडी पार करून. नवऱ्याला, प्रसन्नला, म्हणाली होती, ऑफिसचं काम आहे. खोटं नव्हतं. पण सकाळी कपाटापुढे उभं राहून ती बाहीचं कापड दंडाला घट्ट बसतं का हे बघत होती, ते ऑफिसच्या कामासाठी नव्हतं.

कोल्हापूरच्या रेंजवर थंडीत पहाटेचं दव असायचं. चटई ओली लागायची. पालथं पडायचं, डावं कोपर रायफलच्या बरोबर खाली आणायचं, पट्टा दंडाला करकचून आवळायचा, इतका की हाताची नस पट्ट्यात उडताना कळायची. रायफल क्लबची होती, पॉइंट टू टू, चार मुलींत एक. दस्ता संजनाच्या मापाला लावलेला, कारण संजना सगळ्यांत उंच आणि तिचेच गुण सगळ्यांत जास्त. विद्युल्लताला तो लांब व्हायचा. गाल टेकवायला मान पुढे ताणावी लागायची. सर म्हणायचे, मान लांब कर, सवय होईल. सवय झाली. दोन राष्ट्रीय स्पर्धा तिने त्या ताणलेल्या मानेने मारल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी हातांसाठी लावलेल्या लाकडावर गाल ठेवून; आणि तरीही त्या अवस्थेत एक क्षण यायचा — श्वास अर्धा सोडलेला, पुढचा घ्यायचा नाही, पलीकडे काळा ठिपका, आणि मधल्या त्या मोकळ्या जागेत काहीच नसायचं. ना आई, ना परीक्षा, ना ती स्वतः. फक्त बोट. आणि बोटसुद्धा आपण ओढलं असं नाही, ते ओढलं जायचं.

कुणी सोडायला लावलं नाही. हे ती स्वतःलाच सांगायची, कारण कुणी लावलं असतं तर बरं झालं असतं. नोकरी लागली, लग्न ठरलं, प्रसन्नला इकडे कॉन्ट्रॅक्टिंगमध्ये काम मिळालं, पर्णिका झाली. शेवटची गोळी मारली तो दिवस शेवटचा आहे हे त्या दिवशी ठाऊक नव्हतं. तो कोणता दिवस होता हेसुद्धा आठवत नाही… मला आठवायला हवं होतं. निदान उन्हाळा होता की हिवाळा.

दार उघडलं. खलफान आत आला, पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा घातलेला — शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरने उजव्या खांद्याला आधाराची पट्टी दिली होती, ती त्याने आज काढून ठेवलेली तिच्या लगेच लक्षात आलं. "विद्या. आ गया. अच्छा." तो बसला नाही. रिझवानने आतून माप घ्यायची रायफल आणली. तिच्यातून गोळी सुटत नाही, नुसता चाप वाजतो. पण वजन खरं, आणि पुढची नळी हवी त्या लांबीची बदलून बघता येते. रिझवानने आधी मॅग्नमला शोभेल अशी सव्वीस इंची, जाड नळी लावून दिली, कारण सुहैलच्या मेसेजमध्ये तसं होतं.

म्हाताऱ्याने रायफल खांद्याला लावली. लावली तशी सुंदरच लावली — हयात त्यात गेलेली. मग हळूहळू नळीचं तोंड खाली झुकायला लागलं. त्याने ते वर घेतलं. पुन्हा झुकलं. आणि त्याने चाप ओढला तेव्हा विद्युल्लता त्याच्या हाताकडे किंवा नळीकडे नाही, त्याच्या डोळ्याकडे बघत होती. चाप वाजायच्या आधी, अगदी थोडं आधी, डोळा मिटला. खांद्याने धक्का येणार म्हणून आधीच अंग चोरलं. धक्का येणारच नव्हता — रायफल रिकामी होती. शरीराला ते कुठे ठाऊक.

तिने नजर काढून घेतली. उघडं पडलेलं माणूस दिसलं की आपण तसे दुसरीकडे बघतो.

"भारी है," खलफान रिझवानला म्हणाला, आणि मग तिच्याकडे वळून, "तुम पकडो. हम देखेगा."

ती नको म्हणणार होती. तिच्या खांद्याला पर्स होती, चष्मा केसांत खोचलेला होता, पायात ऑफिसच्या चपला. पण रिझवानने तोवर नळी बदलायला घेतली होती — "ताई, तुम्हाला सव्वीस लांब होईल, बावीसची लावतो, मध्यम जाडीची" — आणि दस्त्याचे स्क्रू फिरवून त्याने तो आखूड केला, अजून जरा आखूड, तिच्या हाताकडे बघत बघत, शिंपी बाहीचं माप घेतो तसा. मग रायफल तिच्या हातात आली.

गाल जिथे टेकायला हवा तिथे लाकूड होतं.

एवढंच झालं. मान ताणावी लागली नाही. ती वाकली, आणि लाकूड येऊन भेटलं, आणि डावा हात पुढे गेला आणि जिथे थांबला तिथे तोल होता — पुढे ना मागे, नळीने ओढलं नाही, दस्त्याने ढकललं नाही. भिंतीच्या कोपऱ्यात वरती अग्निशामक यंत्रणेचा लाल दिवा होता, तो नेमात आला आणि तिथेच राहिला. श्वास अर्धा सुटला. आणि ती मोकळी जागा… ती होती. इतकी वर्षं ती कुठेही गेली नव्हती, तिथेच होती, एखाद्या खोलीचं दार आपणच लावून घ्यावं आणि मग आपल्याला ती खोली नाहीच असं समजून घरात वावरावं, तशी. विद्युल्लताच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लाल दिवा पसरला, आणि तिने चाप ओढलाच नाही. रायफल खाली घेतली.

"बस," ती म्हणाली. "छान आहे."

खलफानने तिला कोपऱ्यातल्या कोचाकडे नेलं, जिथे चहा आला होता, आणि रिझवान फोनवर कुणाशी तरी बोलायला आत गेला, तेव्हा तो कपात बघत हळू आवाजात म्हणाला, "पिछला महीना क्लब में हम पुराना बंदूक मारा. आँख बंद हो गया. गोली किधर गया, मालूम नहीं." थोडं थांबून, "सुहैल को नहीं बोलना."

"नहीं बोलूँगी."

"वो बोलता है तीन सौ मॅग्नम. मेरा पुराना वही था. वो छोटा था, हम कंधे पे उसको भी उठाता था, बंदूक भी." तो हसला. "अभी कंधा नया है, दुकान का माल."

तिला वाटलं, आपणही सांगावं याला काहीतरी. की मला एका रायफलला माझ्या मापाची असलेली बघायचं होतं, आणि ते या दुकानात, तुझ्या पैशाने, तुझ्या शेवटच्या शिकारीच्या नावाखाली बघून झालं? ती चहा प्यायली. वेलची जास्त होती.

सुहैल आला तो घाईत, पण आधी बापाचा हात हातात घेऊन, त्याच्या कपाळाला कपाळ लावून मगच बोलला. चांगला मुलगा. ऑफिसात आला की तिच्या टेबलापाशी थांबून पर्णिकाची चौकशी करायचा. त्याने काउंटरवरचं मॅग्नमचं काडतूस उचललं, तळहातावर घेतलं आणि इंग्रजीत विचारलं, "मग? ठरलं ना हेच?"

खलफानने विद्युल्लताकडे पाहिलं.

"मी अरबाबना सिक्स पॉइंट फाइव्ह सांगितलं," ती म्हणाली. "मोठ्याची गरज नाही."

"लांबवर कमी पडेल."

"ते लांबून मारतात कधी? तुम्हीच सांगता ना ऑफिसात, बाबा तासभर रांगत जवळ जातात म्हणून."

सुहैलला हसू आलं, पण काडतूस त्याने ठेवलं नाही. "पुढे मझल ब्रेक लावू. धक्का निम्मा होतो."

"आणि आवाज दुप्पट. त्यांच्या कानात मशीन आहे." हे तिने बापाकडे न बघता म्हटलं. कानाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. ती बोलण्यात लाज नव्हती. "हलक्या काडतुसाने माणूस सराव जास्त करतो. सराव केला की एकच गोळी पुरते. मोठ्याने भागतं असं नाही, सुहैल."

सुहैल अंगठ्याने काडतुसाच्या बुडाचा पट्टा चोळत राहिला, आणि तिला दिसलं की तो कॅलिबर निवडतच नव्हता. ज्या माणसाच्या खांद्यावर तो आणि बंदूक दोन्ही बसायची, त्या माणसाला तो मागवत होता, जर्मनीहून. तिला त्याची कीव आली नाही. ओळख पटल्यासारखं झालं.

"तुम्ही स्वतः शूट करता?" त्याने विचारलं. करायचात नाही. करता.

"हो," ती म्हणाली.

आणि मग दुरुस्त करायला जी एक फट असते बोलण्यात, ती आली आणि गेली. खलफान कपातला उरलेला चहा बघत होता.

"खलास," सुहैल म्हणाला आणि काडतूस काचेवर ठेवलं, उभं नाही, आडवं. "सिक्स पॉइंट फाइव्ह. यल्ला रिझवान, लिहून घे."

रिझवान संगणकापुढे बसला. जाडी मध्यम — फार बारीक नळी दोन गोळ्यांत तापते आणि नेम सरकतो, फार जाड डोंगरात कोण वाहणार. नळीच्या आतला पीळ आठ इंचांत एक. हे त्याचं त्यानेच भरलं. "लांबी? चोवीस की बावीस?"

"विद्या?" खलफानने विचारलं.

"बावीस."

शब्द तोंडातून निघाला आणि मग कारणं आली, धावत, मागून — पुढचा भार कमी होईल, दुखऱ्या खांद्याला लटकणार नाही, दगडांतून रांगताना आखूड बरी. सगळी खरी. पण आकडा आधी आला होता. खलफान तिच्यापेक्षा हातभर उंच. त्याच्या लांब हातांना चोवीस इंची सहज पेलली असती, आणि त्या दोन इंचांनी गोळीला वेगही थोडा जास्त मिळाला असता. मी कुणासाठी बोलले? रिझवानची बोटं कळांवर होती. थांबा, एकदा चोवीस लावून बघू दे त्यांना — एवढंच म्हणायचं होतं. साधं वाक्य. तिने ते मनात जुळवलंही. रिझवानने एक कळ दाबली, आणि पडद्यावरचा चौकोन बंद झाला, आणि ते वाक्य तिच्याजवळच राहिलं.

दारापर्यंत सोडायला खलफान आला. म्हणाला, "बंदूक आएगा तो क्लब में पहला गोली तुम मारो. हम पीछे खड़ा रहेगा." मग, जणू हवापाण्याबद्दल बोलावं तसं, "बाईस इंच तुम्हारे हाथ में अच्छा था."

त्याला कळलं होतं. आकड्याच्या आधीपासून.

"इन्शाल्ला," ती म्हणाली. या शब्दाची एक सोय आहे, त्यात हो असतं आणि नाही असतं आणि म्हणणाऱ्याला निवडावं लागत नाही.

परतताना कोंडी होतीच. शनिवारी दुपारी कुठे जातात एवढी माणसं. पुढच्या बसच्या मागच्या काचेवर ऊन पेटलं होतं. प्रसन्नचा फोन आला. झालं का काम, येताना दही आण. मग म्हणाला, "काय ठरलं शेवटी?" तिने सांगितलं. "म्हणजे चांगली ना?" तो म्हणाला. "तुला कळतं ते. मला आठवतं, लग्नाआधी भेटलो तेव्हा तू तासभर तेवढंच बोलत होतीस. मला काही कळत नव्हतं, पण ऐकायला छान वाटत होतं." त्याच्या आवाजात खोट नव्हती. मग तू पुन्हा कधी विचारलं का नाहीस, असं तिच्या ओठांवर आलं. पण मीही कधी बोलले नाही, पुन्हा… बस सरकली. ती सरकली.

भीती होती ती वेगळीच. क्लबात जायचं, पालथं पडायचं, आणि समजा तिथे काही नसेल. आता जवळचं वाचायला चष्मा लागतो. नेमाची मागची-पुढची माशी एका रेषेत दिसेल न दिसेल. एक रिकामी रायफल दुकानात हातात धरून डोळे भरून येणं सोपं आहे. गोळी कागदावर कुठे जाते ते कागद सांगतो. क्लबात गेलेच नाही तर ती खोली तशीच राहील, दार लावलेली, आत सगळं जागच्या जागी. इतकी वर्षं तेच तर केलं. पण आता खरंच असं राहता येईल का, हे तिला ठरवता येईना. कारण दुपारभर उजव्या गालाच्या हाडावर लाकडाचा एक थंडगार चटका राहिला होता आणि तो हात लावूनही जात नव्हता.

बैठकीत कुणी नव्हतं. प्रसन्न खाली गाडी धुवायला गेला असावा; पर्णिकाच्या खोलीचं दार बंद, आतून कसलंसं हसणं. तिने दही फ्रिजमध्ये ठेवलं. पर्स सोफ्यावर. मग बैठकीच्या खोलीत टीपॉय एका बाजूला सरकवला आणि फरशीवर आधी गुडघे, मग हात टेकून, ती पालथी पडली. फरशी गार होती. डावं कोपर पुढे, उजवं जरा बाहेर, पाय किंचित फाकलेले, उजवा गुडघा वर घेतलेला म्हणजे पोट जमिनीवरून सुटतं. कोपराचं हाड लगेच दुखायला लागलं. हातात काही नव्हतं. गॅलरीच्या काचेपलीकडे समोरच्या इमारतीच्या ओळीच्या ओळी खिडक्या, कुणाचे तरी वाळत घातलेले कपडे. तिने श्वास अर्धा सोडला.

"Mom?" पर्णिका दारात उभी. "Are you okay? Did you fall?"

"नाही गं."

"Then what are you doing?"

कोपर दुखत होतं, मणक्यात कुठेतरी कळ होती, आणि छाती फरशीला टेकलेली असल्यामुळे ठोके फरशीतून परत तिलाच ऐकू येत होते, जोरात, घाईने, नेम धरायला कधीच परवडणार नाहीत इतक्या घाईने.

"थांब जरा," ती म्हणाली. "उठते."

आणि ते ठोके हळू व्हायची वाट बघत ती तशीच पडून राहिली.